बाकड्याचा डोंगर

नाताळच्या सुट्टीत माझी भाची माझ्याबरोबर सावंतवाडीला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत कपडे कमी आणि काळजी जास्त होती. ती सातवीत शिकते. जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि वर्गाचं नाटक बसवायची जबाबदारी बाईंनी तिच्यावर टाकली होती. नाटक पाणीटंचाईवरचं. आटलेली विहीर, उशिरा येणारा टँकर, हंड्यांची लांबलचक रांग आणि रांगेतली भांडणं, असा सगळा मामला.

‘मामा, आम्ही नाटक रद्द करणार आहोत,’ गाडीत बसल्या बसल्या तिने जाहीर केलं.

‘का गं? पाठांतर झालं नाही?’

‘पाठांतर चोख आहे. पण विहीर कुठून आणायची? टँकर कुठून आणायचा? वर्गणी जमली साडेआठशे रुपये! ब तुकडीवाले थर्मोकोलचा किल्ला करताहेत. त्याच्या बुरुजांवर दिवेसुद्धा लावणार आहेत. आणि आमच्याकडे काय, तर चार रिकामे हंडे. लोक हसतील आम्हाला.’

‘हसू देत की.’

‘असं कसं? सिनेमात बघ. वाघसुद्धा कॉम्प्युटरवर करतात, पण त्याचा केस न् केस खरा वाटतो. जे खरं वाटत नाही ते कोण बघणार?’

मी काही उत्तर दिलं नाही. एक तर कोकण रेल्वेच्या बोगद्यांमध्ये बोललेलं धड ऐकू येत नाही. आणि दुसरं म्हणजे, दोस्तांनो, तिच्या प्रश्नाचं नक्की उत्तर मलाही ठाऊक नव्हतं!

वास नसलेला आंबा

सावंतवाडी म्हटलं की आधी मोती तलाव. भर गावात एवढा मोठा तलाव, भोवती झाडं आणि काठावर राजवाडा. सकाळी तलावाला एक फेरी मारून आम्ही चितारआळीत शिरलो. चिताऱ्यांची आळी ती चितारआळी. दुकानादुकानांतून लाकडी खेळणी मांडलेली होती. बैलगाड्या, भातुकली, रंगवलेले पाट आणि टोपल्याच्या टोपल्या भरून फळं.

भाचीने धावत जाऊन एक आंबा उचलला आणि नाकाशी नेला. मग तिचा चेहरा असा काही झाला, की दुकानदार खो खो हसायला लागले.

‘वास तेवढा आम्हाला जमत नाही बाय!’ ते म्हणाले.

आंबा लाकडाचा होता. देठाजवळचा हिरवटपणा, खांद्यावरची लाली, खाली उतरत गेलेला पिवळा रंग, सगळं जिथल्या तिथे! शेजारी सीताफळ होतं, त्याचा डोळा न् डोळा वेगळा. केळ्यांची फणी होती. काजूचं बोंड होतं आणि त्याच्या टोकाला बीसुद्धा होती.

मागच्या बाजूला एक कारागीर बसले होते. ते म्हणाले, या कामाला पांगाऱ्याचं लाकूड छान. हलकं असतं आणि मऊही. ते आधी चांगलं वाळवायचं, मग कापायचं, तासायचं, घासून घासून गुळगुळीत करायचं. बारीक भेगा बुजवायच्या. रंगाचा नंबर सगळ्यांत शेवटी. ‘लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे रंगकाम. पण लाकूड खडबडीत राहिलं तर वरचा रंग काय करणार?’

‘पण तुम्ही समोर आंबा ठेवून रंगवता का?’ भाचीने विचारलं.

‘आता गरज पडत नाही. आणि ठेवला, तरी कुठल्या दिवसाचा ठेवू? खरा आंबा चार दिवसांत सुरकुततो. आम्ही रंगवतो तो अढीतून काढून खायला घ्यायच्या दिवशीचा! केळी रंगवतो, पण सालीवरचे काळे डाग नाही काढत. काढले तर कोण घेईल?’

बाहेर आल्यावर भाची म्हणाली, ‘म्हणजे यातही थोडी लबाडी आहेच!’

‘लबाडी कसली? निवड म्हण. आंब्याच्या सगळ्या दिवसांतला एकच दिवस त्यांनी निवडला.’

‘पण फसायला मजा आली की नाही? खरं वाटलं म्हणूनच मजा आली!’

एक गुण तिला देऊन टाकला. हुबेहूब वस्तू करणं ही काही हलकी कला नव्हे. तिच्यामागे वर्षानुवर्षांची नजर आणि हात असतो.

तिथून राजवाड्यात गेलो. सावंतवाडीचे गंजिफा तुम्ही ऐकलेत का? गंजिफा म्हणजे आपल्या पत्त्यांचे जुने भाऊबंद. पण हे पत्ते चौकोनी नाहीत, गोल! हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं. ही कला विसरली जायच्या बेतात होती, तेव्हा इथले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी कलाकारांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली.

राजाच्या पानावर अवताराचं सुबक चित्र असतं. पण साध्या पानांवर नुसत्या खुणा. मत्स्यावताराच्या पंजीवर पाच छोटे मासे, परशुरामाच्या पंजीवर पाच परशू.

‘हे मासे काही खरे वाटत नाहीत,’ भाची म्हणाली.

‘वाटायला हवेत का? तू पत्ते खेळतेस तेव्हा बदामाचा पत्ता खऱ्या बदामासारखा असतो का?’

ती थांबली. ‘नाही. तिथे पटकन ओळखता आलं की झालं.’

आंबा टोपलीत शोभेसाठी ठेवायचा, म्हणून तो हुबेहूब हवा. पत्ता डावात झटकन टाकायचा, म्हणून खूण पुरे. एकाच गावातली ही दोन कामं, पण दोन्हींचं माप वेगळं. हा मुद्दा मी मनात टिपून ठेवला. तोंडाने काही बोललो नाही. मामा लोकांनी फार बोललं की मुलं कंटाळतात!

एवढा मोठा डोळा

दुसऱ्या दिवशी पिंगुळीला गेलो. हे गाव कुडाळपासून अगदी जवळ. तिथल्या गुढीपुरात ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ अशा कितीतरी कला या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडीच्या राजांचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गुरांच्या गोठ्याचंच संग्रहालय केलं! ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचं नाव. २०२१ साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांचा एक गठ्ठा असतो. त्याला ‘पोथी’ म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक प्रसंग संपला की कथेकरी पान बदलणार, गाणार, बोलणार. सोबत वीणा, टाळ आणि हुडूक. आपल्या डमरूचा मोठा भाऊ म्हणजे हुडूक.

भाचीने एका चित्रापाशी मुक्काम ठोकला. चेहरा एका बाजूने काढलेला होता. नाक टोकदार आणि डोळा? केवढा मोठा! गालाच्या निम्म्यापर्यंत पसरलेला.

‘हे चुकलंय,’ ती हळूच माझ्या कानात म्हणाली. ‘आम्हाला चित्रकलेच्या सरांनी शिकवलंय. चेहरा बाजूने काढला की डोळा अर्धाच दिसतो. हा तर समोरून दिसतो तसा अख्खा काढलाय. आणि मागे झाड नाही, घर नाही, काही नाही.’

‘तुझे सर बरोबरच सांगतात. पण एक कर. पार तिकडे दाराशी जाऊन उभी राहा आणि तिथून बघ.’

ती गेली. मी म्हटलं, ‘आता समज, वीज नाही. देवळात दिव्याचा उजेड आहे. तुझ्या पुढे पन्नास माणसं बसलीत आणि तू सर्वांत मागे. काय दिसतंय?’

तिने डोळे किलकिले केले. ‘डोळा दिसतोय. तो कोणाकडे बघतोय तेही कळतंय. रागावलाय बहुतेक.’

‘आणि मागची झाडं?’

‘असती तरी दिसली नसती!’

मग आम्ही कळसूत्री बाहुल्यांचा छोटा खेळ पाहिला. बाहुल्यांचे दोरे स्पष्ट दिसत होते. कोणी ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हतं. पण एक बाहुली रुसून मान फिरवून बसली, तेव्हा भाचीने ‘अरेरे!’ केलं. लाकडाच्या बाहुलीसाठी अरेरे! मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं. अगदी त्या बाहुलीसारखंच.

जत्रेची रात्र

खरी गंमत पुढेच आहे. सिंधुदुर्गात पाऊस संपून भातं घरात आली, की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रा म्हटली की खाजं, मालवणी भाषा आणि दशावतार. कुडाळजवळच्या एका गावात त्या रात्री जत्रा होती.

वाटेत एका चहाच्या टपरीवर दुसऱ्याच गावच्या प्रयोगाची जाहिरात लावलेली होती. ‘ट्रिकसीनयुक्त नाटक!’ अलीकडे दशावतारात ट्रिकसीनची मोठी चलती आहे. धूर, रंगीत झोत, नाग, राक्षस, जमिनीतून प्रकट होणाऱ्या देवी, असं त्यात बरंच काही असतं.

‘मामा, आपण हे बघायला जाऊ ना!’

‘ते उद्या आहे. आज साधंच.’

तिचं तोंड एवढंसं झालं.

देवळाच्या मंडपात मध्यरात्रीच्या सुमारास नाटक सुरू व्हायचं होतं. थोडं लवकर गेलो, म्हणून नटांचा रंग बघायला मिळाला. कोपऱ्यात पेटारे उघडून एकेक जण हातातल्या आरशात बघून स्वतःच स्वतःला रंगवत होता. एक उंच गृहस्थ साडी नेसत होते. त्यांच्या दाढीची निळसर छटा पावडरीखालून डोकावत होती. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ होता.

‘ही तारामती?’ भाचीने तोंडावर हात धरून हसू दाबलं.

रंगमंच म्हणाल तर एक मोकळी जागा, मागे एक पडदा आणि पुढे कापड घातलेलं एक लाकडी बाकडं. बस्स! एका अंगाला पेटी, मृदंग आणि झांजवाले.

आधी गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, मोरावर बसून सरस्वती आली. मग काळा संकासुर आला आणि मालवणीत त्याने अशी काही धमाल उडवली, की पोरंटोरं हसून लोळायला लागली. मग विष्णूने त्याला मारलं आणि मुख्य आख्यान सुरू झालं. राजा हरिश्चंद्राचं.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या आजी गोधडी पांघरून बसल्या होत्या. भाचीला कुडकुडताना पाहून म्हणाल्या, ‘हय ये गो बाय, गोधडेत बस.’

राजा बाकड्यावर बसला, तेव्हा ते सिंहासन होतं. थोड्या वेळाने राजा त्याच बाकड्यावर चढून दूरवर बघायला लागला.

‘आजी, आता हे काय आहे?’

‘मगाशी सिंहासन होता. आता डोंगर झालो,’ आजी सहज म्हणाल्या. आपण ‘आता चहा झाला’ म्हणतो ना, तितक्या सहज.

आणखी एक नवलाची गोष्ट सांगू? या नाटकाचे संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेलं असतं, कोणी कधी यायचं ते ठरलेलं असतं. बोलायचं मात्र नटांनी तिथल्या तिथे! म्हणजे पाठांतर चुकलं अशी सबबच नाही.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. हरिश्चंद्राने विश्वामित्राला राज्य दान केलं. वर दक्षिणा द्यायची म्हणून स्वतःला, राणीला आणि मुलाला विकलं. राजा काशीच्या स्मशानात राखणदार झाला. इकडे रोहिदासाला साप चावला. रात्री तारामती मुलाला घेऊन स्मशानात आली आणि राजाने बायकोला न ओळखताच कर मागितला.

रोहिदासाचं काम एक लहान मुलगा करत होता. पण या प्रवेशात तो नव्हता. तारामती आली ती हातांवर एक शालीचं गाठोडं घेऊन. आत काय असेल? दोन-चार धोतरं गुंडाळलेली असतील. भाची हसेल, असं मला वाटलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

ते उंच गृहस्थ सावकाश चालत आले. एक हात गाठोड्याच्या खाली होता. दुसरा हात मात्र एका टोकाला, जिथे बाळाची मान असती, तिथे होता. मान लुळी पडू नये म्हणून आई धरते ना, अगदी तसा. ते बाकड्याजवळ बसले. गाठोडं मांडीवर घेतलं आणि शालीची कड थोडी वर ओढली. पोराला थंडी वाजेल म्हणून!

मंडपात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. राजा म्हणाला, कर दिल्याशिवाय प्रेत जाळता येणार नाही. माझ्या शेजारच्या गोधडीतून मुसमुसण्याचा आवाज आला. आधी वाटलं आजी. पण आजी एका हाताने स्वतःचे डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने भाचीची पाठ थोपटत होत्या.

निळसर दाढी तीच, घड्याळाचा वळ तोच. पण ते आता कोणाला दिसत होतं?

पहाटे देव प्रकट झाले, रोहिदास उठून बसला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. निघताना भाचीने आजींना विचारलं, ‘तुम्ही ही गोष्ट किती वेळा पाहिलीत?’

‘मोजूक नाय गो. पण दर वर्षी वाटता, ह्या वर्षी तरी तो तिका बेगीन वळखतलो.’

या वर्षी तरी तो तिला लवकर ओळखेल! इतक्या वर्षांनंतरही!

दुसरी रात्र

कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या रात्री ट्रिकसीन पाहायला गेलो. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा मजा आली. धुराचे लोट उठले. आम्ही खोकलो. लाल-निळे झोत फिरले. मग पडद्यामागून एक भला मोठा नाग फणा काढून डोलत आला आणि पोरांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. भाची तर उभीच राहिली! गर्दी आदल्या रात्रीपेक्षा जास्त होती आणि तरुण मुलं खूप होती. ती मुलं या ओढीने देवळात येतात, रात्रभर बसतात, हेही काही थोडं नाही.

परतताना ती उत्साहाने विचारत होती, ‘नाग कसा हलवला असेल? आत माणूस असेल का? की दोऱ्या असतील?’ आम्ही बराच वेळ डोकं चालवलं.

मग ती अचानक गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मामा, त्या राजाला नंतर कळलं ना, की ही तारामती आहे? मग तिच्याकडे कर मागितला, याचं त्याला केवढं वाईट वाटलं असेल!’

गंमत पाहा. नागाबद्दल तिचा प्रश्न होता, ‘कसं केलं?’ आणि राजाबद्दल, ‘त्याला काय वाटलं असेल?’ दोन्ही प्रश्न चांगलेच. पण दुसरा प्रश्न तिला एक दिवस उलटल्यावरही सोडत नव्हता.

गाडीतल्या गप्पा

परतीच्या गाडीत मी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. त्यातली तारामती कोण होती? अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ! चित्रपटात काम करायला तेव्हा बाईमाणूस मिळेना, म्हणून फाळक्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवली.

‘म्हणजे आपल्या तारामतीसारखंच!’

‘पुढचं ऐक. १९१७ साली फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला. त्यात राम झाले अण्णा साळुंके आणि सीता झाले…’

‘कोण?’

‘अण्णा साळुंके!’

ती हसून हसून बेजार झाली. पण राम पडद्यावर आला की लोक पायांतल्या वहाणा काढून ठेवत, असं सांगतात. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाचं काम केलं फाळक्यांच्या लेकीने, मंदाकिनीने. चित्रपटाच्या सुरुवातीला ही मुलगी साध्या वेषात वेगवेगळे हावभाव करून दाखवते. मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे फाळके आधीच सांगून टाकतात, ‘ही पाहा, आमची मुलगी आहे बरं का!’ आणि तरीही पुढे आपण कृष्णच बघतो.

भाची जरा विचारात पडली. ‘मग खरं दाखवूच नये का? सगळं बाकड्यावरच भागवायचं?’

‘तसंही नाही,’ मी म्हटलं. ‘त्यानंतर थोड्याच वर्षांनी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला, १९२५ साली. सावकाराने फसवलेला एक शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. तेव्हा पडद्यावर देवांची आणि राजांची गर्दी होती. त्यात हा शेतकरी आला, त्याची झोपडी आली. आता ती झोपडी चकचकीत दाखवली असती, शेतकऱ्याला जरीचा फेटा बांधला असता, तर?’

‘तर ते खोटं झालं असतं,’ ती ताडकन म्हणाली. ‘ज्यांची खरीच जमीन गेली ते म्हणाले असते, ह्यांना आमचं काहीच माहीत नाही.’

‘मग तुमच्या नाटकात काय खोटं चालणार नाही, ते शोधून काढ.’

ती खिडकीबाहेर बघत बसली. चिपळूण गेलं तरी एक अक्षर बोलली नाही. मग एकदम म्हणाली, ‘त्यांनी मान धरली होती, मामा. गाठोड्याला मान नव्हती, तरी धरली होती.’

चार रिकामे हंडे

नाटक रद्द झालं नाही.

शाळेत सफाईचं काम करणाऱ्या एक मावशी आहेत. लहानपणी गावाकडे त्यांनी मैलोन्‌मैल पाणी वाहिलेलं. भाचीने त्यांना तालमीला बोलावलं. मावशी आधी लाजल्या. पण मुलींना रिकामे हंडे नाचवत चालताना पाहिलं आणि त्यांना राहवेना.

‘अगं, असा नाही धरत भरलेला हंडा! आधी चुंबळ नीट बसव. आता मान हलवायची नाही, डोळे हलवायचे. पाऊल टाक, पण अंग वर-खाली झालं नाही पाहिजे. आणि उतरवताना गुडघ्यात वाक, नाहीतर पाणी जाईल सगळं.’

मग भाचीने एक युक्ती केली. चार दिवस मुलींनी खरोखरच भरलेले हंडे घेऊन मैदानावर चकरा मारल्या. कपडे भिजले, माना आखडल्या, एका आईने तक्रारही केली! पाचव्या दिवशी हंडे पुन्हा रिकामे केले आणि अंगात भिनलेली तीच चाल ठेवायची, असं ठरलं.

साडेआठशे रुपयांतले बरेचसे तसेच उरले. विहिरीच्या जागी त्यांनी शाळेतलं एक बाकडं आडवं पाडून ठेवलं. टँकर आलाच नाही. नुसता त्याचा हॉर्न आतून वाजवला.

संमेलनाच्या दिवशी मी गेलो होतो. ब तुकडीचा किल्ला झकास झाला होता. दिवे लागले तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या आणि भाचीनेही. पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. आता हे नाटक कसं होणार, म्हणून माझ्याच पोटात गोळा आला.

हॉर्न वाजला. रांगेत गडबड उडाली. सर्वांत लहान मुलगी हंडा डोक्यावर घेऊन निघाली. मान ताठ, डोळे तेवढे भिरभिरताहेत. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला. हंडा कलंडला. तिने दोन्ही हातांनी तो सावरला आणि भेदरून खाली जमिनीकडे पाहिलं.

पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर एक चार-पाच वर्षांचा मुलगा बसला होता. तो एकदम उभा राहिला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा ओरडला,

‘आई, पाणी सांडलं!’